वाचताना अडखळणाऱ्यांसाठी: कॉलेजात जबाबदारी घ्यायची कशी

बारावी झाली, प्रवेश झाला, आता कॉलेजचा पहिला महिना चालू असेल. शाळेत तुझी अडचण बाईंना ठाऊक होती, बाकावर शेजारी बसणाऱ्यालाही ठाऊक होती. इथे सव्वाशेच्या वर्गात कुणालाच काही माहीत नाही. पहिले काही दिवस याचं बरंच वाटतं. मलाही वाटलं होतं. मग एके दिवशी मॅडम हजेरीच्या पानावरून बोट फिरवतात, नाव घेतात आणि उभं राहून पुढचा परिच्छेद वाचायला सांगतात.

मला डिसलेक्सिया आहे आणि लिहिण्याचाही त्रास आहे. नागपुरातल्या एका कॉलेजातून मी बीए केलं. पहिलं वर्ष शेवटच्या बाकावर लपण्यात गेलं, दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेत (रासेयो, म्हणजेच एनएसएस) शिरले आणि तिसऱ्या वर्षी विद्यार्थी परिषदेत बसले. मधल्या काळात माझं वाचन फारसं सुधारलं नाही. हा लेखही मी फोनला सांगून लिहून घेतलाय आणि वेलांट्या धाकट्या बहिणीने तपासल्यात. पण लोकांसमोर उभं राहताना आता पोटात गोळा येत नाही. आधी धीर येऊ दे, मग काम घेईन, असं म्हणत मी एक अख्खं वर्ष घालवलं. तुझं तसं जाऊ नये, म्हणून मी काय काय केलं ते क्रमाने सांगते.

पायरी १: कागद आधी

सगळ्यात आधी अक्षमतेचं प्रमाणपत्र काढ, त्यासाठी रुग्णालयात जावं लागतं. जबाबदारी घेण्याच्या गोष्टीत रुग्णालय कुठून आलं, असं वाटेल. पण पेपर राहिले की बाकी सगळं राहतं. विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने घालून दिलेले नियम सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केले. त्यांत उमेदवाराचा एकही विषय मागे राहिलेला नसावा आणि हजेरी ७५ टक्के असावी, अशी अट आहे. आपल्यासारख्यांचे विषय अभ्यास न केल्याने कमी आणि तीन तासांत लिहून न झाल्याने जास्त राहतात. त्याची सोय कायद्यात आहे, ती मागून घ्यायची.

शाळेतलं प्रमाणपत्र घरात आहे, म्हणून निर्धास्त राहू नकोस. अध्ययन अक्षमतेचं (डिसलेक्सिया त्यातच येतो) प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं, शाळेच्या काळात पुन्हा तपासणी होते आणि अठराव्या वर्षी आणखी एकदा. अठराव्या वर्षी मिळालेलं मग जन्मभर चालतं. म्हणजे नेमकी हीच वेळ आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ज्या २१ प्रकारच्या अक्षमता धरल्या, त्यांत ती आली. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तिथेच यूडीआयडी कार्डाचीही (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) नोंद होते. पोर्टल रुग्णालय निवडायला सांगतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानकडे एम्स आहे. निवडण्याआधी त्या रुग्णालयात एक चक्कर मार आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी कोणत्या दिवशी, कुठल्या खोलीत होते ते तोंडी विचारून घे. जाताना शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिका आणि वह्या सोबत ने. आधी बुद्ध्यांक पाहतात, मग वाचन, लेखन, गणित. एका दिवसात आटोपत नाही, त्यामुळे घरच्या कुणालातरी त्या दिवसांची सुटी काढायला सांग.

हातात प्रमाणपत्र आलं की परीक्षेसाठी लेखनिक (आपण सांगू ते लिहून देणारा) आणि जादा वेळ माग. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर त्याचं शिक्षण तुझ्यापेक्षा कमी हवं. पदवीला असशील तर बारावीतलं ओळखीचं कुणीतरी आत्तापासूनच हेरून ठेव, आणि पेपरच्या आधी दोन-तीन वेळा सोबत बसून सराव कर. सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे. पहिल्या पेपरला मी इतक्या वेगाने बोलले की लेखनिक पोरगी रडकुंडीला आली.

कुणी म्हणालं, तुझी अक्षमता ४० टक्के भरत नाही, म्हणून लेखनिक मिळणार नाही, तर तिथेच गप्प बसू नकोस. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येत नाही. त्यानंतर २०२२ मध्ये ४० टक्क्यांहून कमी अक्षमता असलेल्यांसाठी वेगळ्या सूचनाही निघाल्या. कॉलेजात समान संधी कक्ष असेल तर अर्ज तिथे दे, आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस.

पायरी २: एका माणसाला सांग

सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. पण कुणालाच न सांगता जबाबदारी घेतलीस, तर पहिल्या यादीपाशीच अडकशील आणि लोकांना वाटेल की हिला काम करायचंच नाही.

माझा पहिला प्रयत्न वाईट गेला. एका प्राध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, "दिसत तर नाही तसं काही." बस, एवढंच. मी बाहेर आले आणि सहा महिने पुन्हा तोंड उघडलं नाही. आता वाटतं, चूक थोडी माझ्या सांगण्यातही होती. मी नुसतं "मला डिसलेक्सिया आहे" म्हटलं आणि गप्प उभी राहिले. समोरच्याला त्या शब्दाचं पुढे काय करायचं ते कळत नाही. म्हणून तीन गोष्टी एका दमात सांगायच्या: त्रास काय आहे, काय टाळायचं आणि काय द्यायचं. मी नंतर घोकून ठेवलेलं वाक्य असं होतं: "सर, मला डिसलेक्सिया आहे, वाचायला वेळ लागतो, समजायला लागत नाही. अचानक मोठ्याने वाचायला उभं करू नका, आदल्या दिवशी सांगितलंत तर तयारी करून येईन. माणसं गोळा करायची, बोलायची, धावपळीची कामं मला द्या."

शेवटचं वाक्य गाळू नकोस. तेवढंच ऐकून आमच्या रासेयोच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी वही बाजूला ठेवली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं, "बस."

कधीतरी कुणीतरी याचा अर्थ मतिमंद असा लावेल. रागावण्यापेक्षा सरळ सांग: तपासणीत सगळ्यात आधी बुद्ध्यांक पाहतात, तो ठीक असतो म्हणूनच तर अध्ययन अक्षमता म्हणतात.

पायरी ३: पदाचं नाव बघू नको, काम बघ

"विद्यार्थी प्रतिनिधी" हे दोन शब्द लिहून बघ. आधी वेलांटी काढायची, जी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. मग द आणि य एकमेकांत गुंतलेले. मग रफार, जो थ च्या डोक्यावर बसतो पण बोलताना त्याच्या आधी येतो. मग प्र, पुन्हा दोनदा पहिली वेलांटी, शेवटी दुसरी. माझ्या वहीत हे पद सात वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं सापडेल.

हे पद आपल्यासाठी बराच काळ बंदच होतं. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने वर्गाचा प्रतिनिधी मतदानाने निवडणं थांबवलं आणि आधीच्या वर्षी परीक्षेत चमकलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्यांनी नेमायचं ठरवलं. ज्याच्या उत्तरपत्रिकेत निम्म्या वेलांट्या चुकतात, त्याला त्या दारातून कोण आत घेणार? २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने मतदान पुन्हा आणलं, पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. त्या कायद्यात आपल्या उपयोगाची एक गोष्ट मात्र आहे. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेवर रासेयो, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक या चार क्षेत्रांतून प्रत्येकी एक विद्यार्थी नेमला जातो. तिथे बघितलं जातं ते केलेलं काम. मी त्याच दारातून आत गेले.

कोणतं काम घ्यायचं ते ठरवण्याआधी गेल्या वर्षी ते करणाऱ्याला गाठून विचार, आठवड्यात नेमकं काय काय करावं लागायचं? वर्गप्रतिनिधी ऐकायला भारी वाटतं, पण त्यात अर्धा वेळ याद्या, फॉर्म आणि सूचना फळ्यावर लिहिणं. वार्षिकांक आणि भित्तिपत्रक पहिल्या वर्षी नकोच. स्नेहसंमेलनात मंच, भोजन, स्वागत, क्रीडा अशा समित्या असतात आणि त्यांत माणसं सांभाळायची असतात. माझ्या मते मात्र सुरुवातीला रासेयोसारखं दुसरं काही नाही. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ही योजना सुरू झाली, आणि तिचं सगळं गणित गुणांऐवजी तासांवर चालतं: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि सात दिवसांचं एक शिबिर. तिथे तुझं अक्षर कुणी तपासत नाही.

पायरी ४: शिबिरात गटप्रमुख हो

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझं सगळं तिथे फिरलं.

आमचं शिबिर डिसेंबरात काटोल तालुक्यातल्या एका गावात होतं. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, सकाळी दातावर दात वाजणारी थंडी, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. आम्ही पन्नास जण. पहिल्या दिवशी सकाळी सरांनी हजेरीचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. त्यांना माझं ठाऊक होतं, पण त्या घाईत त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी पहिली तीन नावं कशीबशी वाचली. चौथं आडनाव धोटे होतं, मी घोटे वाचलं. घ आणि ध मला आजही जुळी भावंडं वाटतात. हशा पिकला. मागून एक आवाज आला, "काहून वं, नाव वाचता येत नाही का तुले?"

मी रजिस्टर मिटलं. कानशिलं तापली होती. शाळेत असते तर पळाले असते, पण गावातून पळणार कुठे? बस संध्याकाळी होती. मी म्हटलं, "नाही येत पटकन. मला डिसलेक्सिया आहे. आपण दुसरी रीत करू." पन्नास जणांना दहा-दहाच्या पाच ओळींत उभं केलं, प्रत्येक ओळीला एक गटप्रमुख. ओळीने एक, दोन, तीन करत आकडे म्हणायचे, गटप्रमुखाने शेवटी ओरडायचं, "दहापैकी दहा!" कमी भरले तर कोण नाही ते गटालाच माहीत असतं. रजिस्टरमध्ये खुणा दुसरी मुलगी करेल. एरवी दहा मिनिटं खाणारी हजेरी मिनिटभरात झाली. संध्याकाळी सरांनी सांगितलं, आता रोज हीच रीत. तो मागून बोललेला मुलगा तिसऱ्या ओळीचा गटप्रमुख होता आणि सातही दिवस सगळ्यात मोठ्याने तोच ओरडायचा.

श्रमदानात आम्ही नाल्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्यांत (पोत्यांत) रेती-माती भरायची, तोंड शिवायचं आणि थरावर थर रचायचे. चुंगड्या कशा रचायच्या ते मला ठाऊक होतं, कारण माझे वडील गवंडीकाम करायचे: खालचा सांधा वरच्या सांध्याखाली येऊ द्यायचा नाही. डिसलेक्सिया असलेल्यांना अशा गोष्टी आपोआप दिसतात असं काही लोक सांगतात. मी तसं म्हणणार नाही. मी लहानपणापासून विटा रचताना पाहिल्या होत्या, एवढंच. पण तिसऱ्या दिवशी पोट्टे मला येऊन विचारायला लागले, "ताई, ही इथं ठेवू का?" तोवर मला कॉलेजात कुणी काही विचारलंच नव्हतं. सातव्या दिवशी बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी उभं होतं. त्या पाण्यात हात घालून मी कितीतरी वेळ बसले होते.

म्हणून सांगते, शिबिरात फक्त नाव नोंदवून थांबू नकोस. गटप्रमुख कोण होणार असं विचारलं की हात वर कर. आणि आपली अडचण आदल्या रात्री सरांना पुन्हा एकदा आठवून दे. मी ते केलं असतं तर रजिस्टरचा प्रसंग टळला असता.

पायरी ५: लिखाण वाटून घे, निर्णय स्वतःकडे ठेव

बैठकीचं इतिवृत्त दुसऱ्याने लिहावं. पण बैठक संपताना काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे उभं राहून तोंडी तू सांगायचं, म्हणजे लिहिणारा तेच लिहितो. सूचना व्हॉट्सॲपवर आवाजात पाठव. सुरुवातीला संकोच वाटतो, पण लोक लांबलचक मेसेजपेक्षा तेच जास्त ऐकतात. आलेली पत्रं फोनला वाचायला लाव. छापील कागदाचा फोटो काढला की गुगल लेन्स मराठीही वाचून दाखवतं. अभ्यासाची पुस्तकं सुगम्य पुस्तकालयात आहेत का ते बघ. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे.

आकड्यांचा त्रास असेल तर पैशाचं काम एकट्याने अजिबात घेऊ नको. प्रत्येक खर्चाचं वेगळं पाकीट ठेव, प्रत्येक बिलाचा जागीच फोटो काढ आणि रोज संध्याकाळी सोबत्याबरोबर बेरीज कर. हिशोब चुकला तर लोक त्याला अक्षमता म्हणत नाहीत, भलतंच काहीतरी म्हणतात.

पायरी ६: माइक हातात आला तर

कागदावरून वाचू नको. अजिबात नको. मी सूत्रसंचालन करताना पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चित्रं काढायचे: दिवा म्हणजे दीपप्रज्वलन, फूल म्हणजे स्वागत, खुर्ची म्हणजे अध्यक्षीय भाषण. पहिलं वाक्य तेवढं पाठ. पाहुण्यांची नावं दोन दिवस आधी कुणाकडून तरी फोनमध्ये बोलून घ्यायची आणि ऐकत राहायची. मी फुटाळा तलावाच्या काठाने चालत, कानात तीच नावं ऐकत, पूर्ण कार्यक्रम बोलून बघायचे. बसून पाठ होत नाही ते चालताना होतं, निदान माझं तरी.

पायरी ७: चूक झाली तर

होईलच. तिसऱ्या वर्षी रक्तदान शिबिराच्या फ्लेक्सचा मसुदा दुकानदाराने माझ्या फोनवर पाठवला आणि मी घाईत "ओके" लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी फाटकावर बारा फुटी फ्लेक्सवर "राष्टीय सेवा योजना" लटकत होतं. ट च्या पायातला र गायब. फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांनी टाकले.

मी प्राचार्यांकडे स्वतः गेले आणि मसुदा मीच पाहिला होता असं सांगितलं. मग सीताबर्डीच्या बाजारात जाऊन तेवढ्याच अक्षराची चिकटपट्टी कापून आणली आणि शिडीवर चढून लावली. त्या दिवसापासून नियम केला: छापायला जाणारा कुठलाही मजकूर दोन जणांनी तपासायचा, आणि त्यातला एक मी नसते. पद सोडायचा विचार त्या रात्री आला होता. सरांनी एवढंच विचारलं, रक्ताच्या पिशव्या किती झाल्या? चांगल्या झाल्या होत्या.

घरच्यांबद्दल थोडंसं. "आधी पास तर हो" हे ऐकावं लागेल. त्यांची काळजी खोटी नाही. रासेयोचे १२० तास म्हणजे कॉलेजच्या दिवसांत आठवड्याला तीन-साडेतीन तास, हा हिशोब त्यांना मांडून दाखव, आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात अशा उपक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) असतात हेही सांग. माझ्या आईला यापैकी काही पटलं नव्हतं. तिला पटलं ते शिबिराच्या समारोपाला गावात येऊन बंधारा बघितल्यावर.

आता या आठवड्यात करायचं ते. रासेयोच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांची खोली शोध. नोंदणीचा फॉर्म बहुतेक वेळा तिथेच उभ्या-उभ्या भरायला सांगतात, मागे रांग असते, पेन दोरीने बांधलेलं असतं. पहिल्या वर्षी मी त्याच रांगेतून परत फिरले होते. तू फॉर्म मागून घे, "उद्या घरून भरून आणतो" किंवा "आणते" म्हण, आणि घरी बसून, कुणाच्या तरी मदतीने, सावकाश भर.